चाकांवरच्या घराची पाइपलाइन: पाणी कुठून गळतं आणि थांबवायचं कसं

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर नंतर दिसतो, आधी त्याची ओली रेघ दिसते. मागच्या कॉकला कितीही चिंध्या गुंडाळा, दोन खड्डे गेले की तो पुन्हा ठिबकायला लागतो. टँकरवाल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. दहा हजार लिटरमधलं बादलीभर वाटेत सांडलं तर सांडलं. पण टाकी शंभरच लिटरची असेल, तिच्याखाली डांबराऐवजी प्लायवूड असेल, प्लायवूडवर गादी आणि गादीवर आमची ताई झोपलेली असेल, तर त्याच थेंबावरून घरात मोठा विषय होतो.

दाजी लातूरचे. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरच्या घरातून करायच्या, पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे खूळ होतं. शेवटी त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात घर बसवून घेतलं: दोन पलंग, ओटा, सिंक, मागे मोरीएवढी बाथरूम. पहिली फेरी तुळजापूर, तिथून पैठण आणि परत. परत आले तेव्हा गादी एका बाजूने ओली. "पाणी कुठून तरी गळायलंय, पण कुठून ते घावंना," असा फोन आला. ओळखीचा प्लंबर एम-सील लावून गेला होता. दुसऱ्या फेरीत गादी दुसऱ्या बाजूनेही भिजली.

मी आयटीआयचा फिटर. वाळूजच्या एका कारखान्यात दाबाखालच्या हवेच्या लाइनी सांभाळतो. घरगुती नळकाम हा माझा धंदा नव्हे, पण दाजींची गाडी उघडून बसलो तेव्हा लक्षात आलं की ही लाइन घराच्या नळापेक्षा कारखान्याच्या हवेच्या लाइनीशी जास्त नातं सांगते. प्लंबर वाईट नव्हता. तो घराच्या हिशोबाने बघत होता एवढंच. गाडीतली गळती समजून घ्यायची तर आधी हा फरक समजून घ्यावा लागतो.

गच्चीवरची टाकी आणि पलंगाखालची टाकी

घरात पाण्याला दाब मिळतो तो उंचीमुळे. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक बार. एकमजली घराच्या स्लॅबवर टाकी असेल आणि नळ तिच्यापेक्षा तीन मीटर खाली, तर नळाशी दाब ०.३ बार. इतक्या दाबाला ढिला जोडसुद्धा वर्षानुवर्षं निभावून नेतो.

गाडीत टाकी पलंगाखाली आणि नळ तिच्यापेक्षा वर. उंचीचा उपयोग शून्य, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप बसवतात. बहुतेक गाड्यांत डायफ्राम पंप, म्हणजे रबरी पडद्याचा पंप, असतो आणि त्याच्या डोक्यावर प्रेशर स्विच. नळ उघडला की लाइनीतला दाब पडतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की पंप क्षणभर आणखी चालून लाइन भरतो आणि थांबतो. तो थांबतो साधारण अडीच ते तीन बारला. पंपाच्या पट्टीवर हे ३५ ते ४५ पीएसआय असं लिहिलेलं असतं. अडीच-तीन बार म्हणजे किती, तर आठ-दहा मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी ठेवून तळमजल्यावर नळ घ्यावा तेवढा. लातूरच्या एकमजली घरातला जोड उचलून दहा मजली इमारतीच्या तळाशी नेऊन बसवला, वरून रोज मांजरसुंब्याच्या घाटात त्याला हादरे दिले, तर तो गळणारच.

दुसऱ्या प्रकारात पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि स्विच नळाच्या दांड्यात. दांडा उचलला की पंप चालू, खाली केला की बंद. या लाइनीत दाब कमी, आणि तोही नळ चालू असेपर्यंतच. गळती शोधताना हा फरक फार कामाचा. बुडवलेल्या पंपाची लाइन गळाली तर मुख्यतः भांडी घासताना गळते. प्रेशर स्विचची लाइन रात्री तुम्ही झोपल्यावरही गळत राहते. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना चार लिटर म्हणजे काय हे सांगायला नको. आणि गाडीत पाणी नुसतं वाया जात नाही, ते प्लायवूड फुगवतं.

दाब आणि हादरे यांच्या जोडीला तिसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना बंद गाडीच्या आत पन्नाशी सहज ओलांडते. प्लास्टिक तापलं की लांबतं. सीपीव्हीसीचा एक मीटर पाइप तापमान तीस अंशांनी वाढलं तर जवळपास दोन मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आखडतो. भिंतीत गाडलेल्या पाइपाला चहूबाजूंनी आधार असतो. गाडीतल्या पाइपाला दोन क्लॅम्प आणि देवाचा भरवसा. म्हणून घरातला हा पांढरा-पिवळसर ताठ पाइप गाडीत बसवणं मला पटत नाही. तो मधे फुटत नाही, एल्बोच्या गळ्याशी तडकतो, आणि ती चीर इतकी बारीक असते की पंप चालू असतानाच उमळते. गाडीत थोडा वाकणारा पाइप हवा: पेक्स, कॉम्पोझिट किंवा जाळीचा नरम होज.

आधी पंपाचं ऐका

गळती शोधायला पान्हा लागत नाही, कान लागतो. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच टर्र करून थांबतो का? दर पाच-दहा मिनिटांनी असं होत असेल तर लाइनीतला दाब कुठून तरी पळतोय. याचा अर्थ बाहेर गळतंय असाच नव्हे. पंपाच्या आत एकाच दिशेने उघडणारा पडदा असतो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्याच्यावर वाळूचा कण बसला तर पाणी मागच्या मागे टाकीत परततं. थेंब कुठेच दिसत नाही, पण पंप रात्रभर टर्रटर्र करत राहतो. पंपाच्या पुढे एक कॉक असेल तर निकाल दोन मिनिटांत लागतो. कॉक बंद करा. तरीही पंप मधून मधून चालला तर दोष पंपात किंवा पंप आणि कॉक यांच्यामधल्या जोडात. तो तुकडा डोळ्यांसमोरच असतो, कोरडा दिसला तर पंपच. पंप गप्प झाला तर दोष पुढच्या लाइनीत. दाजींच्या गाडीत असा कॉक नव्हता, मी आधी तो बसवला आणि मग शोधाला लागलो. तुमच्यात नसेल तर तुम्हीही हेच करा.

उलट, पंप थांबतच नाही, नळातून फसफस करत अर्धी हवा अर्धं पाणी येतं, आणि टाकी तर भरलेली आहे. इथे बरेच जण फसतात, कारण खाली कुठेही ओल नसते. दोष असतो टाकी आणि पंप यांच्यामधल्या तुकड्यात. तिथे पंप पाणी ओढत असतो, त्यामुळे ढिल्या जोडातून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह किंवा सक्शन पाइप हवा घ्यायला लागला की पाणी उचलत नाही, तोच प्रकार. पंपाच्या तोंडाशी एक जाळीची डबी असते. तिचं झाकण धुऊन परत लावताना ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी गोल रबरी कडी, वाकडी बसते, आणि निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

आता बाहेर पाणी दिसतंय, पण कुठून येतंय ते कळत नाही. पाणी कधी उगमापाशी दिसत नाही. ते पाइपाच्या पोटावरून धावतं, सगळ्यात खालच्या वळणाशी थबकतं आणि तिथून टपकतं. प्लंबरने एम-सील लावलं होतं ते त्या टपकण्याच्या जागी. मी काय केलं, तर सगळे जोड फडक्याने कोरडे पुसले, प्रत्येकाला वर्तमानपत्राचा एक कपटा गुंडाळला, पंप चालू करून लाइन भरली आणि चहाला गेलो. आल्यावर दोन कपटे ओले होते. दोन्ही जोड नजरेला अगदी कोरडे दिसत होते.

पावसाळ्यात एक खोटी गळतीही असते. दमट हवेत टाकीवर आणि पाइपावर घाम येतो, तो पुसला की परत येतो, पण पंपाचं चालणं वाढत नाही. सांडपाण्याच्या पाइपाला तर दाबच नसतो, त्यामुळे तो गळाला तरी पंप काहीच सांगत नाही. शंका असेल तर सिंकमध्ये पाणी साठवून त्यात जिलेबीचा रंग टाका आणि एकदम सोडा. खाली केशरी थेंब आले की सांडपाणी.

अर्धा इंच कुठेच अर्धा इंच नसतो

दाजींच्या गाडीची खरी गोम इथे होती, आणि माझ्या मते अशा गाड्यांतल्या निम्म्या गळत्यांचं मूळ हेच असतं.

लातूरच्या गंजगोलाईत जाऊन नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणून बघा. दुकानदाराने सीपीव्हीसी पाइप दिला तर त्याचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर. आट्यांचा निपल दिला तर त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर. बागेचा होज दिला तर त्याचं आतलं भोक १२.७ मिलिमीटर. तिन्ही अर्धा इंची, आणि तिघांपैकी कुणी कुणात बसत नाही. घराचा प्लंबर हे तोंडपाठ सांभाळतो, कारण त्याच्या दुनियेत सगळं सामान एकाच घराण्यातलं असतं.

गाडीत तीन घराणी नांदतात. नळ, पंप, गिझर असं सामान पुष्कळदा बाहेरच्या देशातलं असतं. युरोपी पद्धतीत पाइप बाहेरून मोजतात, मिलिमीटरमध्ये: १०, १२, १५. अमेरिकी पद्धतीत इंच. आणि आपल्या बाजारात मिळणारं सामान तिसरंच. गाडीत घर बसवून देणाऱ्या माणसाकडे जे हाताला आलं ते त्याने जोडलं होतं. ओला कपटा सोडवून मी फिटिंग निरखलं. फिटिंगवर १० छापलेलं होतं, पाइपवर ३/८.

३/८ इंचाचा पाइप म्हणजे आरओ फिल्टरला असतो तो पांढरा पाइप, त्याच्यातला जाड. बाहेरून ९.५ मिलिमीटर. दहाच्या फिटिंगमध्ये तो सुरेख जातो. आतले दात त्याला पकडतातही, ओढला तर निघत नाही. पण दात पकडतात, पाणी अडवत नाहीत. पाणी अडवते ओ-रिंग, आणि तिला दाबून बसायला जे अर्धा मिलिमीटर हवं होतं तेच गायब होतं. उभ्या गाडीत जोड कोरडा. गाडी हलली, पाइप फिटिंगमध्ये किंचित डुलला, की एका बाजूने पाणी निसटणार. कारखान्यात नवशिकी पोरं हीच चूक करतात आणि तिथे फक्त हवा सूं करते. इथे ताईची गादी भिजली.

दुसरा ओला कपटा पंपाच्या तोंडाशी होता. ती गंमत आणखी बारीक. जगात पाण्याच्या आट्यांच्या दोन मोठ्या जाती आहेत: आपल्याकडे चालते ती बीएसपी आणि अमेरिकेत चालते ती एनपीटी. अर्धा इंचाला दोन्हींत इंचामागे चौदाच आटे. त्यामुळे नट दोन-तीन फेरे आनंदाने फिरतो आणि आपल्याला वाटतं, बसला. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि एनपीटीचा ६०. आटे एकमेकांत पूर्ण बसतच नाहीत. टेफ्लॉन टेपचे वीस फेरे मारून काही दिवस ढकलता येतात, आणि जास्त आवळलं तर पंपाचं प्लास्टिकचं तोंड उकलतं. पंपाच्या कागदावर किंवा तोंडावर यातलं कोणतं लिहिलंय ते आधी वाचा आणि त्याच जातीचं निपल मागा. पेठेत मिळालं नाही तर पंपाबरोबर येणारं जोडाचं किट मागवा. जुगाड करायची ही जागा नव्हे.

म्हणून माझा एकच हट्ट असतो. खिशात साधा व्हर्नियर ठेवा, दोन-तीनशे रुपयांत प्लास्टिकचा मिळतो. दुकानात माप तोंडाने सांगू नका, तुकडा घेऊन जा.

जोड बदलायचा कसा

हात घालण्याआधी, गाडीला बाहेरून वीज जोडलेली असेल तर ती २३० व्होल्टची केबल काढा, पंपाचा फ्यूज काढा, आणि मग नळ उघडून लाइनीतला दाब सोडा. हा क्रम चुकला तर तीन बारचं पाणी थेट तोंडावर येतं, मला अनुभव आहे.

ढकलून बसणाऱ्या फिटिंगच्या तोंडाशी एक छोटी कडी असते. ती चारी बाजूंनी सारखी आत दाबून धरायची आणि पाइप बाहेर ओढायचा. कडी न दाबता ओढाल तेवढे दात घट्ट रुततात. निघालेल्या पाइपाच्या टोकावर दातांचे ओरखडे असतात. ते टोक तसंच परत बसवलं तर ओ-रिंग त्या ओरखड्यांवर बसेल आणि पाणी चरीतून येईल. तेवढं टोक कापून टाका. याचसाठी पाइप बसवताना प्रत्येक वळणाशी थोडा वाढीव ठेवतात. ताणून बसवलेली लाइन दुसऱ्या दुरुस्तीला अपुरी पडते.

कापायला पाइप कटर घ्या. एक्सा ब्लेडने टोक तिरकं होतं, वर भुसा आत जातो, आणि तो भुसा पुढे नळाच्या जाळीत सापडतो. कड बोटाने चाचपून गुळगुळीत करा, नाहीतर आत जाताना तीच ओ-रिंग कापते. पाइप नरम असेल तर त्याच्या तोंडात आधाराची बारीक नळी घालायची असते, म्हणजे दातांच्या पकडीने तो आत चेपत नाही. मग ढकला. एकदा अडखळेल, ती ओ-रिंग. आणखी ढकलल्यावर दुसऱ्यांदा अडेल, तो खरा तळ. पुष्कळ लोक पहिल्या अडखळण्याला तळ समजतात. फिटिंगच्या तोंडाशी पाइपावर पेनाने खूण करा आणि जोराने ओढून बघा. शंभर किलोमीटरनंतर खूण सरकलेली दिसली तर जोड बसलेला नाही. ओ-रिंगला वंगण लावायचंच तर सिलिकॉनचं, तेही नाममात्र. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका. पाण्याच्या फिटिंगमधली रिंग पुष्कळदा ईपीडीएम रबराची असते आणि खनिज तेलाने ती फुगते.

माझ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये अशी फिटिंगं मुबलक आहेत. दाजींनी डोळाही मारला. पण हवेची फिटिंगं पिण्याच्या पाण्यासाठी केलेली नसतात, त्यांच्या पितळेची आणि रबराची पाण्याच्या दृष्टीने खात्री नसते. आरओच्या दुकानातून पाण्याची घ्या.

होजच्या जोडाचं गणित वेगळं. होजचं टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून नरम करा, लायटरने नाही. पितळी किंवा प्लास्टिकच्या दातेरी निपलवर शेवटपर्यंत चढवा, क्लिप दात्यांच्या मागे घ्या आणि आवळा. क्लिप आवळताना होज बाजूने फुगून वर यायला लागला की थांबा. त्यापुढे आवळणं म्हणजे क्लिपच्या धारेने होज कापणं. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे जोड बिनक्लिपचे नुसते दाबून चालतात, ते बघून एका शेतकरी मित्राने गाडीत सोळाची ठिबकची नळी टाकली होती. ठिबकला दाब एक बारच्या आसपास. याचा पंप तीनला थांबणारा. उन्हात नळी नरमली आणि औंढ्याच्या वाटेवर टोक सुटलं.

आट्यांच्या जोडाला टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळा, हाताने घट्ट करा आणि वर पान्ह्याने अर्धा फेरा, बस. जुने मिस्त्री सुतळी आणि सफेदा वापरतात. लोखंडी पाइपाला ते उत्तम, पण प्लास्टिकच्या तोंडात सुतळी पाणी पिऊन फुगते आणि तोंड उकलते. जिथे आत सपाट रबरी वॉशर आहे, जसं नळाच्या शेपटीचा नट, तिथे टेप लावूच नका. पाणी वॉशर अडवतो. टेपमुळे नट पूर्ण बसत नाही आणि वॉशर ढिला राहतो.

सोल्युशनने चिकटतात ते पीव्हीसी आणि सीपीव्हीसी, तेही आपापल्या डबीने. पेक्स, पॉलिथिन, आरओचा पाइप यांवर सोल्युशन काय, एम-सीलही धरत नाही. पृष्ठभागच निसरडा असतो. प्लंबरचा गोळा मी नखाने काढला, शेंगदाण्याच्या टरफलासारखा सुटला.

पंपाच्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात नरम होज ठेवा, ताठ पाइप थेट जोडू नका. पंपाची थरथर होज पिऊन टाकतो. आणि टाकीच्या तोंडाशी गळत असेल तर जोडाला हात लावण्याआधी टाकी हलवून बघा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. ब्रेक मारला की हे शंभर किलो पुढे जायला बघतं, आणि टाकी पट्ट्यांनी बांधलेली नसेल तर तिला धरून ठेवतो तो एकटा बिचारा निपल.

गिझर ठिबकतो तो आजारी नसतो

साठवणीचा छोटा गिझर तापताना त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी येतं. वीस अंशांचं पाणी सत्तरला नेलं की ते सुमारे दोन टक्क्यांनी वाढतं. दहा लिटरच्या गिझरमध्ये हे ग्लासभर पाणी झालं. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही, मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. हा व्हॉल्व्ह बुजवू नका. बुजवला तर वाट न मिळालेला दाब एखाद्या दिवशी टाकीच फोडतो. त्याला नळी जोडून ती गाडीच्या खाली काढा. गार असतानाही सतत ठिबकत असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदला. आणि गॅसचा घरगुती गिझर गाडीच्या आत बसवायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड माणसाला जागं व्हायलाही वेळ देत नाही.

बोअरचं पाणी

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीला, हिटरच्या कॉइलला पांढरा थर बसतो, तोच गाडीच्या पंपाच्या पडद्यावर, नळाच्या जाळीवर आणि शॉवरच्या भोकांवर बसतो. पाण्याची धार बारीक झाली की लोक पंप बदलतात. आधी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून तासभर भिजवा. दहातल्या सात वेळा काम तिथेच होतं.

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला यातलं काही नवीन नाही. फिल्टर वेळेवर धुवायचा, नळी काळी घ्यायची म्हणजे उजेड न लागून शेवाळ धरत नाही, आणि क्षार बसले की आम्ल सोडायचं. फक्त ठिबकमध्ये सोडतात ते तीव्र आम्ल गाडीत नको, लिंबूसत्त्व पुरे. पारदर्शक नळीचा मोह टाळा. आतलं पाणी दिसतं म्हणून छान वाटतं, महिन्याने आतली हिरवळही दिसते.

लाइन उघडून दुरुस्ती केली की ती निर्जंतुक करा. शंभर लिटर पाण्याला पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं शंभर मिलिलिटर द्रावण, बिनवासाचं, बिनरंगाचं. गरम-गार दोन्ही नळांतून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, तीन-चार तास तसंच ठेवा आणि मग वास जाईपर्यंत धुवा. लिंबूसत्त्वाचं काम त्याच दिवशी करू नका. आम्ल आणि क्लोरीनचं द्रावण एकत्र आलं की विषारी वायू निघतो.

वाटेत फुटलं तर

पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी कापून घ्या आणि गाडीत ठेवा. पाइप फुटला तर पंप बंद करून, पाइप पुसून ही पट्टी जमेल तितकी ताणत, निम्मी निम्मी चढवत गुंडाळा आणि दोन्ही टोकांना क्लिप आवळा. घरी पोचेपर्यंत टिकते. जोडच सुटला असेल तर त्या फाट्यावर बंद टोपण लावून बाकीची लाइन चालू ठेवता येते. आपल्या मापाची दोन टोपणं, चार क्लिप, दोन जोडणारी फिटिंगं आणि हातभर पाइप एका डब्यात असला की पुरे.

दाजींना आता हिवाळ्यात स्पितीला जायचंय. मराठवाड्यात पाणी गोठून पाइप फुटल्याचं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानातच येत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि भरलेल्या लाइनीत त्याला जायला जागा नसते. पाइप थोडाफार ताणतो, पण पंपाचं डोकं, जाळीची डबी आणि नळाचं पोट तडकतं. ते कळतं वितळल्यावर. उपाय एकच, रात्री गाडी उभी करण्याआधी लाइन रिकामी करायची. टाकी आणि गिझर सोडायचे, सगळे नळ गरम-गार दोन्हींकडे उघडे ठेवायचे, शॉवरचा होज खाली टाकायचा, आणि पंप चार-पाच सेकंद कोरडा चालवून त्याच्या पोटातलं पाणी बाहेर काढायचं. यासाठी लाइनीच्या सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन कॉक लागतो. दाजींच्या गाडीत तो नव्हता. गेल्या रविवारी मी तो मागच्या चाकाच्या वर बसवला, बारा मिलिमीटरचा, दोन्हीकडे बाराचाच पाइप.